हिरव्या साडीचा फॉल

"उजेडात बघू."

साडी हातात आली की मावशींचं पहिलं वाक्य हे. साडी कोणाची, कधी हवी, लग्नाची की बारशाची, या चौकशा मागाहून. आधी त्या काठ दोन बोटांत धरायच्या, उंबरा ओलांडून गॅलरीत जायच्या आणि कठड्याशी उभं राहून तो उन्हाकडे करायच्या. मग बिस्किटांच्या जुन्या डब्यातली रिळं एकेक करून काठावर टेकवायच्या. मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. रंग जुळला की म्हणायच्या, "धरला." आपण शेजारी उभे असलो तरी आपलं मत कोणी विचारायचं नाही. साडी आपली असली तरी.

अशी एखादी बाई तुम्हीही पाहिली असेल. प्रत्येक वस्तीत एक असतेच. दारावर पुठ्ठ्याची पाटी, आत एक शिलाई मशीन, मशीनवर साड्यांचा ढीग आणि ढिगाआडून येणारा आवाज. आमच्या मावशींच्या पाटीवर 'पिको-फॉल' असं लिहिलं होतं, त्यातला 'फॉल' कधीच पुसून गेला होता. तो पुन्हा लिहावा असं कोणाला वाटलं नाही, कारण पाटी वाचून त्यांच्याकडे कोणी येतच नव्हतं. ज्यांना यायचं त्यांना दार माहीत होतं.

आमची इमारत कासारवाडीत, रेल्वे स्टेशनाला लागून. मावशी लातूरकडच्या. नवरा भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर लागला म्हणून लग्न होऊन त्या इकडे आल्या आणि आमच्या शेजारच्या दोन खोल्यांत राहिल्या. इथे त्यांचं ओळखीचं कोणी नव्हतं. आमच्या आईने नुसती ओळख व्हावी म्हणून आपली एक सुती साडी त्यांच्याकडे फॉल लावायला दिली. ती त्यांची पहिली साडी. पुढे त्यांचा नवरा गेला, मुलगा शिकून हिंजवडीला कंपनीत लागला, मी चाकणच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर बसायला लागले. पण आईची प्रत्येक नवी साडी आधी मावशींच्या मशीनवर जायची आणि मग कपाटात. दुपारचा चहा दोघींचा एकत्र. बाबा म्हणायचे, मधली भिंत पाडून टाका, निदान आधण तरी एकदाच ठेवावं लागेल.

मावशी बोलायला फटकळ होत्या. वरच्या मजल्यावर एक नवी सूनबाई आली होती. तिने जांभळी साडी आणून ठेवली आणि म्हणाली, दोरा काही अगदी तोच नको, जवळपासचा चालेल. मावशींनी साडीची घडी जशीच्या तशी तिच्या हातात परत दिली. "जवळपासचा नवरा चालला असता का तुला?" सूनबाई लालबुंद होऊन निघून गेली. दुसऱ्या दिवशी तीच साडी घेऊन परत आली आणि पुढे कायमची आमच्यातली झाली.

फॉलची खालची कड त्या मशीनवर मारायच्या आणि वरची हाताने. हातशिलाईचा टाका असा बारीक की साडीच्या दर्शनी बाजूला नुसता ठिपका दिसावा, तोही शोधला तर. दातांनी दोरा तोडायच्या, सुई पदराला खोचायच्या आणि मग ती घरभर शोधायच्या. फॉलची पट्टी नेहमी जरा जास्तीच येते. उरलेला तुकडा त्या खिळ्याला टांगलेल्या पिशवीत टाकायच्या आणि पिशवी भरली की त्या तुकड्यांची गोधडी जोडायला घ्यायच्या. त्यांच्या भाषेत वाकळ. ही वाकळ त्यांच्या नातवासाठी होती. नातू मऊ ब्लँकेटात वाढला आणि वाकळ मात्र लांबत गेली. त्या तिच्यावर हात फिरवून सांगायच्या, ही अमकीच्या डोहाळजेवणाची, ही तमकीच्या पोरीच्या साखरपुड्याची. इमारतीतले सगळे समारंभ त्या गोधडीत होते, आणि तेही ओळीने.

मग रंग चुकायला लागले.

सुरुवात पांढऱ्या साडीपासून झाली. तिला सायीच्या रंगाचा फॉल आणि दोरा लागून आला. कोणाला विशेष वाटलं नाही. मग एका फिक्या जांभळ्या साडीला राखाडी फॉल. मग माझी स्वतःची निळी साडी. कंपनीच्या वर्धापनदिनाला मी ती नेसून गेले, तर शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी पिकोची कड धरून विचारलं, हिरवी कड मुद्दाम घेतली का? मी सांगितलं, हो, डिझाइन आहे ते. चाकणहून परत येताना बसमध्ये मी ती कड नीट बघितली. बाटलीच्या काचेसारखी हिरवी होती, आतला फॉलही तसाच. मावशींनी ती उजेडात बघूनच निवडली होती, मी शेजारी उभी होते.

मोतीबिंदू माणसाला एका दिवसात गाठत नाही. डोळ्यातलं भिंग हळूहळू पिवळं होतं, मग तपकिरी, आणि जग त्याच हिशेबाने बदलत जातं, त्यामुळे ज्याचं त्याला कळत नाही. मावशींना अजूनही बारीक टाका घालता येत होता. टाका एकही चुकत नव्हता. फक्त निळं आणि हिरवं, पांढरं आणि पिवळं यांची सरमिसळ झाली होती, आणि त्या तितक्याच ठामपणे म्हणत होत्या, "धरला."

आता आमच्या इमारतीतल्या बायका काही गोड बोलणाऱ्या नाहीत. नळाच्या पाण्यावरून एकमेकींच्या सात पिढ्यांची आठवण काढतात. पण मावशींना कोणी अवाक्षर बोललं नाही. त्यांनी त्यांची त्यांची युक्ती काढली. साडीबरोबर फॉल आणि दोऱ्याचं रीळही घेऊन यायला लागल्या. वाटेत दुकान होतं म्हणून घेतला, म्हणायच्या. मावशी चिडायच्या. घरात ट्रंकभर फॉल असताना हा उपद्व्याप कशाला, हे त्यांना समजेना.

आई मात्र एकदाही स्वतःचा फॉल घेऊन गेली नाही. मी तिला दोनदा म्हटलं. ती म्हणाली, "मी नेला तर तिला कळेल. बाकीच्यांचं सोड, मी नेला तर कळेल."

त्या हिवाळ्यात आईने गर्द हिरवी साडी घेतली. मामेभावाच्या मुलीचं लग्न होतं. साडी मावशींकडे गेली, मावशींनी ब्लाऊजपीस कापून वेगळा केला आणि फॉल लावून साडी परत दिली. ब्लाऊजचं माप नंतर बघू म्हणून ते कापड त्यांच्याकडेच राहिलं. आईने घरी येऊन साडीची घडी उलटून पाहिली. आत शाईसारखा काळपट निळा फॉल. हिरव्या साडीला. मी बोलणार तेवढ्यात तिने घडी मिटली. "राहू दे," ती म्हणाली, "आतल्या बाजूला आहे. कोण वाकून बघतंय." आणि हसली. मग साडी कपाटात ठेवून चहाला शेजारी गेली.

त्या लग्नाला आई गेलीच नाही. हृदयाचा त्रास आधीपासून होता, तो एकदम वाढला. चार दिवस दवाखान्यात आणि पाचव्या दिवशी सकाळी सगळं संपलं. बाबा मागे राहिले, आई सवाष्ण गेली. मग हिरवी साडी हवी, हिरवा चुडा हवा. कोणीतरी कपाट उघडलं आणि कोरी हिरवी साडी समोरच होती.

मावशी म्हणाल्या, मीच नेसवते. कोणी नाही म्हणणार नव्हतं. त्यांनी आईला त्या साडीत घेतलं, जसं लहान मुलीला पहिल्यांदा साडीत घेतात तसं, आणि निऱ्या घालायला लागल्या. मी निऱ्यांचं खालचं टोक धरलं होतं. प्रत्येक निरीबरोबर आतला निळा फॉल दिसायचा आणि झाकला जायचा. वरच्या मजल्यावरच्या सूनबाईने तो पाहिला, समोरच्या काकूंनी पाहिला. एकमेकींकडे पाहिलं. पुन्हा खाली पाहिलं. मावशींनी निऱ्या जुळवल्या, हाताने दाबून बसवल्या आणि म्हणाल्या, रंग किती खुललाय माझ्या वैनीला. मला तेव्हा रडू फुटलं, ते आई गेली म्हणून की या वाक्याने, मला आजही सांगता येणार नाही.

आईनंतर मावशींचे डोळे फारच गेले. म्हणजे डोळे आधीच गेले होते, आई त्यांच्या बाजूला होती तोवर ते दिसत नव्हतं. चहात साखरेऐवजी मीठ पडलं, गॅसजवळ पदर गेला. मग मुलाने मनावर घेतलं आणि चिंचवडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात त्यांना नेलं. मावशी म्हणाल्या, ही येत असेल तर मी येते. म्हणून मी गेले.

डॉक्टर तरुण होत्या, बोलायला चांगल्या. त्यांनी विचारलं, आजी दिवसभर काय करतात? मुलगा म्हणाला, आई घरीच असते. मावशींनीही मान हलवली. "घरीच असते." उभ्या आयुष्यात हजारो साड्यांना फॉल लावलेली बाई हे बोलली आणि मनापासून बोलली, कारण काम म्हणजे शिफ्टला जाणं, डबा आणि पंचिंगचं कार्ड. मीही बाकावरच बसले होते आणि मलाही त्या उत्तरात काही वावगं वाटलं नाही.

मग डॉक्टरांनी लेन्सचे प्रकार सांगितले. एक साधी, तिच्याबरोबर वाचायला चष्मा लागतो. दुसरी मल्टिफोकल, तिच्यावर बारीक वर्तुळं असतात, लांबचं आणि जवळचं दोन्ही दिसतं. मात्र येणारा उजेड वाटला जातो, म्हणून अंधूक प्रकाशात थोडं फिकट दिसेल आणि दिव्यांभोवती वलयं दिसतील. त्यांनी काही लपवलं नाही. रात्री गाडी चालवता का, असं हसत विचारलंही. मावशींनी एकच प्रश्न केला, सुई ओवता येईल का? चष्म्याशिवाय येईल, डॉक्टर म्हणाल्या. तिथेच निकाल लागला.

ऑपरेशन नीट झालं. आधी एक डोळा, मग दुसरा. पट्टी निघाल्यावर मावशी पहिल्यांदा गॅलरीत आल्या तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. त्या आभाळाकडे बघत राहिल्या. "एवढं निळं असतंय व्हय हे?" म्हणाल्या. मग त्यांना स्टेशनावरची पाटी वाचता आली, आमच्या दारामागची कोळिष्टकं दिसली, आणि माझ्या कानाजवळचा पांढरा केस दिसला, जो त्यांनी मोठ्याने सगळ्यांना सांगितला. सुई एका झटक्यात ओवली. ओवलेली सुई घेऊन त्या इमारतीभर फिरल्या.

संध्याकाळी मात्र गंमत झाली. ट्यूबलाइट लावली तर त्या डोळे बारीक करून तिच्याकडे बघायला लागल्या. खालून जाणाऱ्या रिक्षांच्या दिव्यांकडे बघायला लागल्या. मला म्हणाल्या, "समद्या दिव्यांच्या चकल्या झाल्यात." आम्ही दोघी खूप हसलो. दिवाळी जवळ आली होती, मी म्हटलं, चला, यंदा तळणाचा त्रास वाचला.

दिवाळी झाली. भोसरीसारखीच आमच्याकडेही कंपनीला गुरुवारची सुट्टी. अशाच एका गुरुवारी दुपारी मावशींनी वाकळ उन्हात टाकायला बाहेर काढली. कठड्यावर ती पसरली आणि पसरता पसरता त्यांचे हात थांबले. मी भाजी निवडत दारात बसले होते. जुडी बदलताना वर पाहिलं.

त्या एकेका पट्टीवर बोट ठेवत होत्या. "ही मी पांढरी म्हणून लावली व्हती." बोट पुढे. "ही जांभळी म्हणून." पुढे. "ही तुझी, निळी." तिथे हिरवी होती. त्यांना प्रत्येक पट्टी कोणत्या साडीची ते पाठ होतं आणि आता डोळेही त्यांच्या बाजूचे होते. बोट सरकत सरकत शेवटच्या ओळीशी आलं, अगदी कोपऱ्यातल्या पट्टीशी. तिथे हिरवी असायला हवी होती. मावशींनी त्या काळपट निळ्या पट्टीवर बोट ठेवलं नाही. अख्खा तळवा ठेवला आणि ती झाकली. मग गोधडीची घडी करून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार जायला लागल्या. साड्या काढा म्हणाल्या. मी लावलेले फॉल दाखवा. बायकांनी नाना बहाणे केले. साडी बहिणीला दिली, साडी फाटली, साडी नणंदेकडे आहे. मावशी ऐकेनात. त्यांनी एकेकीच्या कपाटासमोर बसून साड्या उलटल्या, चुकीचे फॉल निवडून बाजूला केले आणि ढीग घरी आणला. उसवायचं आणि पुन्हा लावायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. एरवी कुरकुरणारी समोरची काकू मला जिन्यात म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसलो ना गं आपण. आता बाई उघडी पडली."

खरी अडचण पुढेच होती. रंग आता अगदी नेमके येत होते. पांढऱ्याला पांढरा, जांभळ्याला जांभळा, मान हलवायचीही गरज नाही. पण टाका हुकायला लागला. फिकट साड्यांवर चालायचं, गडद साडी घेतली की हाल. काळ्या साडीवर काळा दोरा त्यांना दिसेना. दोरा कुठे गेला, सुई कुठून निघाली, काही उमगेना. बायका नोकरीवरून येणार संध्याकाळी, तेव्हाच साड्या न्यायच्या-आणायच्या, आणि मावशींची संध्याकाळ म्हणजे ट्यूबभोवतीच्या चकल्या आणि त्यांच्या खाली राखेसारखं सपाट कापड. मुलाने पांढरा लखलखीत टेबललॅम्प आणून दिला. त्याच्या चकल्या तर आणखी मोठ्या. तो दिवा लावला की त्या म्हणायच्या, हा मलाच बघतोय.

तपासणीला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, लेन्स उत्तम बसली आहे, मेंदूला सवय व्हायला काही महिने जातील. मावशी म्हणाल्या, काळ्यावर काळा टाका दिसत नाही. डॉक्टरांनी मान वर केली. तुम्ही शिवणकाम करता? कधीपासून? मावशींनी मुलाकडे पाहिलं, मुलगा जमिनीकडे बघत होता. हे मला मावशींनीच सांगितलं. पुढे म्हणाल्या, "तिनं काय चुकीचं केलं न्हाई. म्याच म्हणलं व्हतं, घरीच असते." 

त्यांनी दुरुस्त केलेल्या साड्या परत यायला लागल्या. माझ्या निळ्या साडीला निळा फॉल लागून आला. दर्शनी बाजूला टाके दिसत होते, एक लांब, एक तिरका, मध्येच बोटभर जागा मोकळी. पहिल्यांदा नेसले तर पायाचा अंगठा त्या मोकळ्या जागेत अडकला आणि फॉल टराटरा उसवला. मी तो सेफ्टी पिनांनी लावला आणि बसला पळाले. इतर बायकांनीही तेच केलं असणार. जिन्यात कोणाची साडी खुळखुळली की मी समजायचे. पुन्हा सगळ्या गप्प. पूर्वी रंगाबद्दल गप्प होतो, आता टाक्यांबद्दल.

पण मावशींना ते दिसलं. फिकट साडीवर दिसलंच असणार. त्यांनी हळूहळू गडद साड्या घ्यायचं सोडलं, मग संध्याकाळी दार लोटून घ्यायला सुरुवात केली. ढीग कमी झाला आणि ढिगाआड त्या किती बारीक झाल्या होत्या ते पहिल्यांदाच दिसलं.

या सगळ्यात एक प्रश्न त्यांनी मला विचारला नव्हता. मी वाट बघत होते आणि टाळतही होते. चहा आता मी त्यांच्याबरोबर घ्यायचे, सुट्टीच्या दिवशी. त्या आईचं काहीही बोलायच्या, तिच्या हातच्या शेंगोळ्यांचं, तिच्या घोरण्याचं, पण साडीपाशी आल्या की कप उचलायच्या.

एका गुरुवारी चहा तसाच ठेवून त्यांनी विचारलं.

"खरं सांग माय. तुझ्या आईला मी कोणत्या फॉलची साडी नेसवली?"

"हिरव्या," मी म्हटलं. "मी निऱ्या धरल्या होत्या ना."

त्या उठल्या. माझं मनगट धरलं आणि मला उठवलं. उंबरा ओलांडून गॅलरीत नेलं, कठड्याशी उभं केलं आणि हनुवटी धरून माझं तोंड उन्हाकडे केलं. इतक्या जवळून त्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत उन्हाने काहीतरी चमकलं, ती लेन्स असावी.

"आता सांग."

मला खरं सांगता आलं असतं. फॉल निळा होता, आईने तो पाहिला होता, आणि तिला तो चालला होता, इतका की ती हसली होती. याहून चांगलं काही मी त्यांना देऊ शकले नसते. पण मग हेही सांगावं लागलं असतं की आईला माहीत होतं, मला माहीत होतं, सगळ्या इमारतीला माहीत होतं, आणि त्या निऱ्या घालत होत्या तेव्हा आम्ही सगळ्या बघत होतो. ते माझ्याच्याने झालं नाही.

"हिरवाच होता मावशी."

त्यांनी हनुवटी सोडली नाही. मान एकदा डावीकडे केली, एकदा उजवीकडे. मी पापणी लवू दिली नाही.

"बरं," त्या म्हणाल्या. आत जाऊन गार झालेला चहा एका घोटात प्यायल्या आणि मलाही प्यायला लावला.

त्यानंतर उन्हाळ्यात मुलाने रावेतला नवीन घर घेतलं. मावशी जायला तयार नव्हत्या, पण मशीन आधीच बंद झालं होतं, आता 'नाही' कोणत्या तोंडाने म्हणणार? सामान निघालं त्या दिवशी पुठ्ठ्याची पाटी मीच दारावरून काढली. तिच्यामागे भिंतीचा रंग कोरा होता.

मी अधूनमधून भेटायला जायचे. घर उंच मजल्यावर, चारी बाजूंनी काचा, उजेडच उजेड. एवढा उजेड मावशींना आयुष्यभर मिळाला असता तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. आता त्या सोफ्यावर बसून असायच्या. संध्याकाळ झाली की हायवेवर दिवे लागायचे आणि त्या मला खिडकीशी बोलावून म्हणायच्या, बघ, बघ, माझा चकल्यांचा घाणा सुरू झाला. मेंदूला सवय झाली का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, मेंदूला झाली, हाताला झाली न्हाई. त्यांचा अंगठा आणि पहिलं बोट बोलतानाही एकमेकांवर घासत असायची, मधे काठ धरल्यासारखी.

गेल्या थंडीत न्यूमोनिया झाला आणि मावशी गेल्या. मला कळून मी पोचेपर्यंत सगळं आटोपत आलं होतं. त्यांना पांढरी साडी नेसवली होती. मी पायाशी वाकले तेव्हा आधी काठ उलटून पाहिला. फॉलच नव्हता.

दिवस झाल्यावर त्यांची सून कासारवाडीला आली. चांगली मुलगी आहे, गडबडीतली. हातात मोठी पिशवी. म्हणाली, आईंनी ही तुमच्यासाठी म्हणून बाजूला ठेवली होती, नातवाला कशाला, तिलाच द्या म्हणाल्या. शेवटी शेवटी तिच्यावरच काहीतरी करत बसायच्या, दुपारी, खिडकीत. मी म्हटलं, चहा घे, ती म्हणाली, पार्किंगमध्ये गाडी अडलीय, आणि गेली.

वाकळ होती. पांढऱ्याच्या जागी सायीचा रंग, निळ्याच्या जागी हिरवा, सगळ्या चुका ओळीने तशाच. कोणतीही पट्टी त्यांनी बदलली नव्हती. मी शेवटच्या ओळीशी आले.

कोपऱ्यातली काळपट निळी पट्टी नव्हती. ती उसवून काढली होती आणि तिथे गर्द हिरवं कापड लावलं होतं. फॉलचं नव्हे, साडीचं. पोत मी लगेच ओळखला. आईचा ब्लाऊजपीस त्यांच्याकडेच राहिला होता, माप नंतर बघू म्हणून.

टाके बघवत नव्हते. लांब, तिरके, दोन-तीन तर कापडाबाहेरच पडलेले. हिरव्यावर हिरवा दोरा. एका ठिकाणी सुई बोटात गेली असावी, वाळलेला बारीक डाग होता. त्यांना सगळं कळलं होतं, त्या दुपारी गॅलरीतच कळलं होतं, आणि तरी मी जे सांगितलं तेच त्यांनी खरं करून ठेवलं होतं, माझ्यासाठी.

आत बाबा झोपले होते. मी वाकळ उचलली, उंबरा ओलांडून गॅलरीत आले आणि कठड्याशी उभी राहून तो कोपरा दोन बोटांत धरून उन्हाकडे केला.

धरला होता.